दूधवाला राहू दे

४ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या कानांना आणि माझ्या घशाला नमस्कार. परवा फोनवर मी तीन वेळा ‘मुकादम’ म्हणाले आणि तू तीनही वेळा ‘कोण आजारी आहे?’ असं विचारलंस. शेवटी शेजारची शिवणवाली दार उघडून बघून गेली. मोबाइलवर लिहिलं तर तू वाचणार नाहीस. तीस वर्षं पडदा पाहिला, आता खिडकी पाहणार, असं तुझंच म्हणणं. मग घे, बस पत्र वाचत.

कोणी आजारी नाही. मुकादम म्हातारा झालाय, एवढंच. बारा वर्षांपूर्वी तू त्याला ज्या प्लॅटफॉर्मवर बसवलंस, तो बनवणाऱ्यांनी आता हात वर केलेत. एप्रिलपासून त्याच्या दुरुस्त्या बंद. त्याला नव्या प्लॅटफॉर्मवर हलवायचं काम माझ्याकडे आलंय. पाणीपुरवठ्याच्या सर्व्हर-खोलीत तुझ्या खुर्चीवर बसून मला दोन वर्षं झाली, तरी लोक मला ‘बाईंची भाची’च म्हणतात. बघू आता काय म्हणतात ते.

तुझे उत्तमसाहेब आता सगळ्यात वर बसतात आणि अजूनही प्रत्येक कागदाखाली ‘उत्तम’ असा शेरा मारतात. त्यांना हे काम समजावताना मी तुझीच गोष्ट वापरली. खोलीत खरी यंत्रं तीन. त्या तिघांच्या पोटात मिळून चाळीस आभासी यंत्रं. एक तक्रारींचं, एक नकाशांचं, आणि प्रत्येक टाकीचे व्हॉल्व्ह उघडणारं एकेक. कुणी कुठे बसायचं, कुणाला उठवायचं, कुणाला झोपवायचं, हे ठरवणारा सर्व्हर म्हणजे मुकादम. स्वतः पाण्याचा एक थेंब हलवत नाही. तो तासभर जागेवर नसला तरी गडी आपापलं काम करत राहतात. साहेब म्हणाले, “म्हणजे थोडक्यात मीच की!” मी हसले नाही, तुझी शपथ.

नवा मुकादम म्हणजे एक बंद डबा आहे. तो जुन्याकडून यादी घेतो, परवानग्या घेतो, सगळा इतिहास घेतो आणि शेवटी त्याचं नाव आणि पत्तासुद्धा घेतो. मग जुना बंद करून ठेवायचा. दोघं एकदम जागे झाले तर एकाच हाकेला दोघं ओ देतील आणि गोंधळ होईल.

विचारायचं ते पुढेच आहे. डब्यात फक्त मुकादमाचं स्वतःचं सामान जातं. त्याच्या खोलीत दुसऱ्या कुणी काही ठेवलं असेल तर ते मागे राहतं. आणि तिथे मला एक नेमून दिलेलं काम सापडलं. नाव ‘दूधवाला’. रोज पहाटे साडेचारला चालतं. ते ज्या फाइलला हाक मारतं, तिला तुझं कुलूप आहे. फोडता येईल मला, पण तुला न विचारता हात धजला नाही. हे काय प्रकरण आहे? लागतं का अजून? मुकादमाचं स्थलांतर शनिवारी, १८ तारखेला आहे. त्याआधी कळव.

आई विचारते, टेकडीवर कधी येणार? गुडघे दुखतात, पण नणंदेशी भांडायला उभं राहावं लागत नाही, म्हणते.

तुझी
ठमी


१० फेब्रुवारी

ठमे,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांच्या पायांचं. भिंग लावून वाचलं.

आता ऐक. आधी जुन्याची पूर्ण प्रत काढ. ती प्रत खरंच उघडते का, ते बघ. प्रत काढली म्हणून हात झटकणारे मी खूप पाहिलेत. तिन्ही यंत्रांची घड्याळं आणि नव्या मुकादमाचं घड्याळ एकमेकांशी जुळतंय ना, ते तपास. दोन मिनिटांचाही फरक असला तर नवा मुकादम कुणाला ओळखच देणार नाही आणि तू दिवसभर भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसशील. मी बसले होते एकदा. दुपारी कर, सगळी माणसं जागेवर असताना. आणि करताना साहेबांना खोलीत येऊ देऊ नकोस. ते येतात, हाताची घडी घालून मागे उभे राहतात आणि ‘झालं का?’ विचारतात. तेवढ्याने माझ्यासारखीचीही बोटं घसरायची.

दूधवाल्याचं म्हणशील, तर राहू दे. जुनी गोष्ट आहे, चार ओळींची. त्यात डोकं घालू नकोस आणि साहेबांपुढे त्याचं नावही काढू नकोस.

वहिनीला सांग, एप्रिलमध्ये येते. भांडणाचे विषय मी वहीत लिहून ठेवलेत. इथे माझ्या लेकाच्या घरी सगळे इतके गोड बोलतात की माझी जीभ गंजायला लागली आहे.

मुकादमाला नीट हलव. त्याच्यावर माझा जीव आहे.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

आज नमस्कार नाही.

शनिवारी मुकादम हलला. एक तास दहा मिनिटं. घड्याळं जुळवली होती, प्रत उघडून पाहिली होती, साहेबांना बैठकीला पाठवलं होतं. चाळीसपैकी एकही गडी थांबला नाही. नव्याने नाव घेतलं, पत्ता घेतला, जुना शांतपणे बंद झाला. साहेबांनी अहवालावर ‘उत्तम’ लिहिलं आणि पहिल्यांदाच मला माझ्या आडनावाने हाक मारली. मी हवेत होते.

रविवारी सकाळी आपल्या टेकडीवरचा नळ खोकला आणि गप्प झाला. सोमवारी तो खोकलासुद्धा नाही. मंगळवारी मी अंघोळ न करता कामावर गेले आणि परत आले तेव्हा आई पायऱ्यांवर दोन बादल्या घेऊन बसली होती. एकशे बारा पायऱ्या आहेत, आत्या. सत्तराव्या पायरीवर ती बसली होती आणि मला म्हणाली, “जरा वारा खातेय.” शिवणवालीने तिच्या हातातल्या बादल्या घेतल्या. मला त्या वेळी काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते तुझ्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं.

तीन दिवसांत टेकडीवरून एकसष्ट तक्रारी. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “टेकडीवाल्यांना तक्रारीची सवयच आहे. मधे नऊ वर्षं गप्प होते, आता पुन्हा सुरू झाले.”

नऊ वर्षं. दूधवाल्याच्या फाइलवर नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती.

मी खाली गेले. जुन्या मुकादमाची केबल काढली, म्हणजे त्याची हाक बाहेर जाणार नाही, आणि त्याला जागं केलं. तुझं कुलूप फोडलं. खरंच चार ओळी निघाल्या. ‘टेकडी’ नावाचं यंत्र झोपव. दीड मिनिट थांब. उठव. व्हॉल्व्ह उघडला का बघ. बस. मी ते हाताने केलं आणि वीस मिनिटांत आपल्या नळाला पाणी आलं.

तू ‘राहू दे’ लिहिलंस. पत्र पुन्हा काढून वाचलं, हेच लिहिलं आहेस. मी ते ‘जाऊ दे’ असं वाचलं. सोडून दे, विशेष काही नाही. आई भांडी घासायला उठली की आपण म्हणतो ना, राहू दे, तसं. आणि तुला म्हणायचं होतं, तिथेच असू दे, हलवू नकोस. बरोबर ना? एक ओळ जास्त लिहिली असतीस तर शाई संपली असती का?

हे यंत्र रोज मरतं हे तुला माहीत होतं. नऊ वर्षं तू त्याला रोज पहाटे उठवत होतीस आणि कुणालाही ताकास तूर लागू दिली नाहीस. मलासुद्धा. दोन वर्षं मी तुझ्या खुर्चीवर बसते आहे. का?

ठमी


१ मार्च

ठमे,

तुझं पत्र वाचून आधी मी तुझ्यावर चिडले. राहू दे म्हणजे राहू दे! असू दे! मराठी येत नाही का तुला? पूर्ण दुपार मी खिडकीशी बसून तुला मनातल्या मनात बोलत होते. संध्याकाळी सत्तरावी पायरी आठवली आणि मी कागद-पेन काढलं.

वहिनीला सांग, मी चुकले. नको, तिला मी स्वतः सांगेन.

आता का ते ऐक. ‘टेकडी’चं यंत्र पहिल्या दिवसापासून बिघडलेलं होतं. मध्यरात्री तारीख बदलली की त्यातलं वेळापत्रक गोठतं. दिसायला सगळं हिरवं, आत काही हलत नाही. सकाळी व्हॉल्व्ह उघडत नाही. ते यंत्र तपासून पास केलं होतं उत्तमसाहेबांनी. तेव्हा ते साहेब नव्हते, व्हायचे होते. मी लेखी कळवलं. उत्तर आलं, वस्ती उंचावर आहे, दाब कमी पडतो. दुसऱ्यांदा कळवलं, तर उत्तरच नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला आणि हसत हसत सांगितलं, “बाई, चौथा कागद आला तर तुम्हाला भांडारात बसवावं लागेल, नटबोल्ट मोजायला.”

मी भांडारात गेले असते तर मुकादमाला कुणी हात लावला असता? मी घाबरले, हेही खरं. मग दूधवाला लिहिला. परवानगी कुणाचीच घेतली नाही. सगळं जग उठायच्या आधी येऊन काम करून जातो म्हणून हे नाव. दुसऱ्या दिवसापासून टेकडीला पाणी. मला वाटलं, मी जिंकले.

महिन्याभराने मोठी बैठक झाली. उत्तमसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, “बघा, काहीही दुरुस्त केलं नाही आणि तक्रारी बंद झाल्या. म्हणजे यंत्रात दोष कधी नव्हताच.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच होते. त्यांच्या डोक्यावरचा तुरा माझ्या हाताने खोवलेला होता, आणि तो काढायचा तर टेकडीचं पाणी तोडावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. आधी वर्षभर, मग सवयच झाली. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या नजरेत मी काय आहे ते मला माहीत होतं आणि ते मला गमवायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. दुसरं शोधू नकोस.

आता शहाण्यासारखं कर. एखाद्या कोपऱ्यातल्या यंत्रावर दूधवाल्याला बसव, नव्या मुकादमाची ओळख करून दे आणि गप्प राहा. लोकांना पाणी मिळतं ना? तुझी नोकरी सांभाळ.

आत्या


८ मार्च

आत्या,

दूधवाला बसवला. तोवर रोज पहाटे ‘टेकडी’ला मीच हाताने उठवलं, त्यामुळे पाणी पुन्हा खंडलं नाही. पण गुपचूप बसवलेला नाही. त्याचं नाव बदललं आहे. यादीत आता लिहिलंय: ‘टेकडीचं यंत्र रोज गोठतं म्हणून रोज उठवण्याचं काम’. खोलीतल्या मोठ्या पडद्यावर दिवसभर दिसतं. काल पाहणीला आलेल्या पाहुण्यांनी ते मोठ्याने वाचलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

स्थलांतर पूर्ण झाल्याचा फॉर्म त्यांनी मला सहीसाठी दिला. ‘शिल्लक दोष’ असा एक रकाना आहे. त्यात आधीच टाइप केलं होतं, ‘नाही’. मी ते खोडलं आणि ‘आहे’ लिहिलं. खाली अर्धं पान लिहिलं. तीन दिवस पाणी गेलं त्यात माझी चूक काय, तेही लिहिलं, कारण कुलूप न उघडता मी ते काम मागे सोडलं, हे खरं आहे.

साहेबांनी दार लावून घेतलं. आमचं बोलणं असं झालं:

“हे खोडा.”

“नाही खोडणार.”

“बरं. मग मला सांगा, परवानगीशिवाय हे काम कुणी बसवलं होतं?”

“मला माहीत आहे. सांगणार नाही.”

“म्हणजे तुम्हीच. सरकारी यंत्रावर चोरून काम बसवलंत, ते तुमच्याच हातून बंद पडलं आणि टेकडीचं पाणी गेलं. झाली की गोष्ट पूर्ण.”

मी म्हटलं, “अर्धीच आहे, साहेब. रोज मरणारं यंत्र राहिलं की त्यात.”

२५ तारखेला चौकशी आहे. मुख्य कार्यालयातून एक बाई येणार आहेत. नोकरी जाईल किंवा मला दूरच्या पंपावर नोंदी करायला बसवतील. बसवू देत. तिथेही शिल्लक दोषाचा रकाना असेलच.

तुझं नाव मी घेणार नाही, आणि तू यात पडायचं नाहीस. मानाने निवृत्त झालीस, खुर्चीवर अजून तुझा वास आहे, तो तसाच असू दे. पण तुझ्यासारखी गप्पही बसणार नाही. लागलं तर लागलं तुला. मला सत्तरावी पायरी रोज चढावी लागते.

ठमी


१३ मार्च

ठमे,

लागलं. चांगलंच लागलं. दोन दिवस भाजी अळणी झाली. सूनबाई म्हणाली, “आई, मीठ विसरलात.” मीठ नाही गं, मी नऊ वर्षं विसरले होते.

‘यात पडायचं नाहीस’ म्हणे! मला हुकूम सोडणारी तू कोण? तुला पहिल्यांदा कीबोर्डवर बसवलं तेव्हा तू त्यावर बिस्किट सांडलं होतंस, ते मी निस्तरलं. माझं निस्तरायला तुला पाठवू होय? माझे कान गेलेत, हात गेलेले नाहीत.

सोबत एक अर्ज जोडला आहे. त्याची एक प्रत मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने गेली, पोस्टाची पावती माझ्याकडे आहे. तूही वाच:

‘दूधवाला हे काम मी, निवृत्त सर्व्हर-प्रमुख, नऊ वर्षांपूर्वी कुणाचीही परवानगी न घेता बसवलं. नियम मोडला, तो मी. माझ्या भाचीचा त्यात हात नाही, तिला ते ठाऊकही नव्हतं. टेकडीच्या यंत्रातला दोष मी त्याआधी तीन वेळा लेखी कळवला होता. ते कागद आवक विभागात नोंदले आहेत. हिरवी नोंदवही, दुसरं कपाट, खालून तिसरा कप्पा. ती मागवावी. दोष लपवल्याबद्दल जी शिक्षा असेल ती माझ्या नावावर लिहावी. नाव पूर्ण लिहावं, ‘एक कर्मचारी’ असं लिहू नये.’

ते कपाट अजून तिथेच असेल. त्याला सरकवायला चार माणसं लागतात आणि त्या विभागात चार माणसं कधी एकदम नसतात.

चौकशीच्या बाईंपुढे उगाच मान खाली घालू नकोस. खाली घालायची ती मी घातली आहे, अर्जाच्या शेवटच्या ओळीत. आपल्या दोघींसाठी तेवढी पुरे.

आणि माझं नाव घे. मोठ्याने घे.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

तुझ्या कानांना, हातांना आणि त्या हिरव्या वहीला नमस्कार.

चौकशीच्या बाई बारीक चणीच्या, तापट, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी तुझा अर्ज वाचला, मग माझं अर्धं पान, मग म्हणाल्या, “वही आणा.” साहेब म्हणाले, जुन्या वह्या कधीच रद्दीत गेल्या. बाई स्वतः उठल्या. दुसरं कपाट, खालून तिसरा कप्पा. वही होती. फक्त तिच्यावर कुणीतरी फिनेलची बाटली ठेवली होती.

तुझे तिन्ही कागद नोंदलेले होते. त्या क्रमांकांवरून मूळ कागद निघाले. तिसऱ्याच्या खाली निळ्या शाईत, सहीसकट लिहिलं होतं, ‘यंत्र उत्तम’. आत्या, त्या खोलीत कुणालाही अक्षर ओळखायला तज्ज्ञ बोलवावा लागला नाही. बाईंनी कागद साहेबांपुढे सरकवला आणि विचारलं, “हे उत्तम कोणाचं?” साहेब पाणी प्यायले.

मला लेखी ताकीद मिळाली. जुनं काम न तपासता मागे सोडलं म्हणून. मी ती घेतली, ती माझीच होती. साहेबांची वेगळी चौकशी लागली आहे. टेकडीसाठी नवं यंत्र उभं केलं, आठवडाभर दोन्ही शेजारी-शेजारी चालवून पाहिली. पुढचा आठवडाभर नवं एकटं चाललं, मधे तारीख रोज बदलली, ते गोठलं नाही. खबरदारी म्हणून ठेवलेला दूधवाला काल मी बंद केला. आज पहाटे आई आणि मी नळाशी उभ्या होतो. शिवणवाली तिच्या दारात, हातात रिकामी बादली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. पाच वाजून वीस मिनिटांनी पाणी आलं. कुणी कुणाला उठवलं नव्हतं. आईने नळाखाली हात धरला आणि म्हणाली, “आत्याला कळव, भांडणाचा एक विषय कमी झाला.” मग रडली. मीही.

एक गोष्ट राहिली. परवा शेवटचा अहवाल लिहून होत आला होता. तुझं पूर्ण नाव त्यात दोन ठिकाणी आहे. एकदा दोष कळवणारी म्हणून, एकदा नियम मोडणारी म्हणून. साहेब कोपऱ्यात बसले होते. एकदम मऊ आवाजात म्हणाले, “बाई निवृत्त आहेत, वय झालंय. सरकारी कागदावर कायमचा डाग कशाला? नाव गाळू या, त्यांच्याच भल्यासाठी.” नाव गाळलं की तीन कागद कुणाचे, हा प्रश्नही गळतो, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

चौकशीच्या बाईंनी पेन तुझ्या नावावर आणलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “राहू दे.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना एकदाच सांगून कळलं.

तुझी
ठमी